सहा खुर्च्यांचं शुद्धिपत्र

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं सूचिकार म्हणत. राहून जायला आत्तापर्यंत नऊ वर्षं लागली होती. पत्र एका पानाचं होतं, पाठपोटसुद्धा नव्हे, आणि ते त्यांच्या मेजाच्या डाव्या खणात शब्दकोशाखाली असे. काढून वाचायची गरज नव्हती. पाठ होतं.

'प्रिय किडा,' अशी त्याची सुरुवात. लहानपणी ते सदा पुस्तकाला चिकटलेले असत म्हणून ताईने ठेवलेलं नाव. आता सत्त्याहत्तरीत ते नाव वापरणारं जगात एकच माणूस उरलं होतं. पुढे लिहिलं होतं:

'माझ्या वाट्याच्या तीन खुर्च्या पोचल्या. पण बैठका खाली बसत नाहीत. बोटभर वरच राहतात. वर बसलं की आपण बसतोय की उठतोय तेच कळत नाही. सुतार म्हणतो, कडेने रंधा मारला की बसतील. मी म्हटलं, थांब, आधी भावाला विचारते. मोजून, लिहून, चिठ्ठ्या चिकटवून सगळं तूच दिलंस. तुझं काही चुकलं असेल का? तुझं उत्तर येईपर्यंत मी रंधा लावू देणार नाही. बाकी ठीक. गुडघे आहेत तसेच आहेत. ताई.'

वडील गेल्यावर जुनं घर रिकामं करायचं होतं आणि त्यातल्या सहा खुर्च्या भावा-बहिणीत वाटायच्या होत्या. ताई म्हणाली होती, मला कुठल्याही तीन चालतील. सूचिकारांना 'कुठल्याही' हा शब्द कधीच चालला नव्हता. त्यांनी चौतीस वर्षं एका मोठ्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम केलं होतं. लोक त्यांना ग्रंथपाल म्हणत आणि ते दर वेळी खालच्या आवाजात दुरुस्ती करत, ''ग्रंथपाल नाही. सूचिकार.'' शेवटी लोक सूचिकारच म्हणू लागले, मग त्यांना वाटू लागलं की आपण उगाच आग्रह धरला.

चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकच चूक झाली होती. मधमाश्यांवरचं एक पुस्तक काव्यविभागात गेलं आणि तिथे अकरा वर्षं राहिलं. कुणाची तक्रार आली नाही. तरी आठवण झाली की सूचिकारांचे कान अजून तापत.

अशा माणसाला विचारायचं, तुझं काही चुकलं असेल का? स्वतःवर शंका घेण्याचं काम ते सकाळी दाढी करण्यापासून सुरू करत, आणि ते काम दुसऱ्या कुणी हातात घेतलेलं त्यांना सोसत नसे. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिला मसुदा जरा तिखट झाला म्हणून टाकून दिला. दुसऱ्यात दमट हवेचा जुन्या लाकडावर होणारा परिणाम चार पानांत आला, खाली संदर्भ देऊन. तिसऱ्यात दुसऱ्या पत्राच्या लांबीबद्दल माफी मागितली होती. मात्र दुसरं पाठवलंच नव्हतं, त्यामुळे माफीचा संदर्भ लागेना. मग ते सवयीने जुन्या कोऱ्या सूचिपत्रांवर, म्हणजे ग्रंथालयातल्या खणांत असायच्या त्या जाड कार्डांवर, लिहू लागले. कार्डांवर चौदा मसुदे झाले. मग महिना झाला, मग वर्ष झालं. वर्षानंतर पाठवायचं तर आधी उशिराचं कारण द्यायला हवं, आणि तेच तर सापडत नव्हतं.

असं हे घोंगडं भिजत पडलं. ताई दूरच्या शहरात राहायची. मधल्या काळात भावंडं दोनदा भेटली, दोन्ही वेळा एका आजारी नातेवाइकाच्या घरी. ताई म्हणाली, ''बरा आहेस ना?'' सूचिकार म्हणाले, ''बरा.'' ताई म्हणाली, ''बरं.'' दुसऱ्या भेटीत एवढंच झालं, फक्त नातेवाईक जास्त आजारी होते.

आणि आता घर बदलायचं निघालं. तिसऱ्या मजल्याचे जिने झेपेनात म्हणून मुलीने तळमजल्यावरच्या दोन खोल्या शोधल्या होत्या. सामान काय न्यायचं ते बायकोने एका सकाळी ठरवून टाकलं.

''खुर्च्या जातील. पुस्तकं निम्मी जातील. तुम्ही याल.''

''खुर्च्या वडिलांच्या आहेत,'' सूचिकार म्हणाले.

''म्हणूनच रद्दीवाल्याला देत नाहीये. जुन्या सामानाची पारख करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना गुरुवारी बोलावलंय.''

खुर्च्यांबद्दल घरात एकच गोष्ट माहीत होती, ती वडिलांनी सांगितलेली. दोनशे वर्षांच्या, राजवाड्यातल्या. कुठला राजवाडा, असं विचारलं की वडील म्हणत, आधी पाय खाली घे. खुर्च्यांच्या बाबतीत त्यांचा दुसरा नियम म्हणजे जिथली तिथे. झाडायला हलवली तर भिंतीशी जिथली असेल तिथेच परत. पहिलीच्या जागी दुसरी लावलेली त्यांना दारातून कळे. हा शिस्तीचा अतिरेक आहे असं सूचिकारांना लहानपणी वाटे. पुढे त्यांनी त्यावरच पोट भरलं.

पारखीबाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खांद्याला प्लंबरसारखी पिशवी. चहा नको म्हणाल्या. खुर्च्यांकडे पुढून त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सतरंजी मागितली आणि पहिली खुर्ची तिच्यावर उलटी केली.

''पुढून छान आहे,'' सूचिकार संकोचून म्हणाले. ''पाठीवर वेल कोरलाय.''

''खुर्चीची किंमत बसायच्या बाजूला नसते,'' बाई म्हणाल्या आणि विजेरी लावून आत शिरल्या.

सूचिकार अदबीने बाजूला उभे राहिले. आपल्या घरातली वस्तू दुसरं कुणी वाचतंय, ही त्यांना ओळखीची गोष्ट होती. फक्त आजवर ते दुसऱ्या बाजूला असत. बाईंनी आतल्या लाकडावर बोट फिरवलं, वास घेतला, एका स्क्रूच्या डोक्याकडे भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग पुढच्या गोल पायाला एक लोखंडी चिमटा लावून माप घेतलं, चिमटा आडवा फिरवून पुन्हा घेतलं.

''राजवाड्यातल्या आहेत,'' सूचिकारांनी माहिती पुरवली. ''दोनशे वर्षांच्या.''

''कोण म्हणालं?''

''वडील.''

''ते काय करायचे?''

''शाळेत भूगोल शिकवायचे.''

बाईंनी मान डोलावली, जणू त्याने बराच खुलासा झाला. ''हा पाय गोल केला होता. आता जरासा लांबट झालाय. लाकूड आडवं आकसतं, उभं नाही. एवढा आकसायला शंभर-सव्वाशे वर्षं लागतात. दोनशेच्या असत्या तर जास्त आकसला असता. आणि लबाडीच्या असत्या तर गोलच राहिला असता. लाकूड वय चोरत नाही.''

''माणसाचं उलटं,'' बायको सूचिकारांच्या पोटाकडे न बघता म्हणाली. ''वय झालं की आडवा वाढतो.''

''आणि राजवाडा?'' सूचिकारांनी विचारलं.

''तो वेल बघा. उजवीकडे जरा जास्त झुकलाय, तिन्ही खुर्च्यांवर तेवढाच. म्हणजे छापील चित्र बघून कोरलाय, आणि चित्र तिरकं छापलेलं होतं. राजवाड्याचा कारागीर चित्र बघत नाही. हा गावचा सुतार. पण हात चांगला. शिसवी लाकूड, सांधे हाताने कापलेले, स्क्रू नंतर कुणीतरी घातलेत. किडा लागलेला नाही.''

''खुर्च्यांना नाही,'' बायको म्हणाली. ''घराला लागलाय.''

सूचिकारांना वाईट वाटायला हवं होतं, पण हायसं वाटलं. राजवाडा ही नोंद त्यांना नेहमीच आधाराविना वाटत आली होती. त्यांनी खिशातल्या कागदावर लिहून घेतलं: गावचा सुतार, सव्वाशे वर्षं, चित्र तिरकं.

तिसऱ्या खुर्चीच्या पुढच्या दांडीवर डावीकडे एक खळगा होता, वाटीच्या बुडाएवढा. बाईंनी त्यात अंगठा ठेवून पाहिला. ''इथे कुणी लहान मूल बसायचं. टाच आपटत. डाव्या पायाची.''

''ताई,'' सूचिकार म्हणाले. ''माझी मोठी बहीण. पाढे म्हणताना. सातच्या पाढ्याला जास्त.''

''त्यांच्याकडे किती खुर्च्या आहेत?''

''तीन.''

''म्हणजे सहांचा संच!'' बाई पहिल्यांदाच टाचांवर बसून सरळ झाल्या. ''मग तीनच काय दाखवताय? तीन खुर्च्यांना दीड खुर्चीचा भाव येतो. सहा जमल्या की बारांचा. लोकांना सहा माणसं जेवायला बोलवायची असतात. येत नाहीत सहा, पण खुर्च्या हव्या असतात.''

मग त्यांनी पहिल्या खुर्चीच्या बैठकीला हात घातला. बैठक सुटी होती, वेताने विणलेली लाकडी चौकट, खुर्चीच्या खाचेत वरून ठेवलेली. ती हाताबरोबर डुगडुगली. बाईंनी डुगडुग थांबवून पाहिली, मग सोडून पाहिली. फटीतून काहीतरी पांढरं दिसत होतं. त्यांनी चिमट्याने ते ओढून काढलं. जाड कार्ड होतं, दोनदा दुमडलेलं.

'''ती. ताईस,''' बाईंनी वाचलं. '''सा. न. तुझं पत्र पोचलं. तू जी शंका घेतली आहेस ती...'''

''तो टेकू आहे,'' सूचिकार घाईघाईने म्हणाले.

बाईंनी दुसरं कार्ड काढलं. '''ती. ताईस, सा. न. लाकूड ही सजीवाची मृत अवस्था असल्याने...'''

''तोही टेकूच.''

तीन खुर्च्यांतून चौदा कार्डं निघाली. बाईंनी ती एकावर एक नीट रचून सतरंजीच्या कोपऱ्यावर ठेवली. बायको ते बघत होती. तिचा चेहरा काही सांगत नव्हता, आणि हे सूचिकारांना ओळखीचं होतं.

''मला सांगितलंत कपाट हलतंय म्हणून कार्डं दुमडून घेतलीत,'' ती शेवटी म्हणाली.

''कपाटही हलत होतं.''

''म्हणजे तुमच्याही बैठका बसत नव्हत्या. पहिल्या दिवसापासून.''

ताईच्या बैठका वर राहतात, आपल्या खाली डुगडुगतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सूचिकारांनाही कळलं होतं. म्हणूनच त्यांनी ते कार्डांनी घट्ट बसवून टाकलं होतं.

''या चिठ्ठ्या कुणाच्या?'' बाईंनी विचारलं. बैठकीच्या खालच्या बाजूला मागच्या पट्टीवर एक पांढरी चिठ्ठी होती, टंकलेखन केलेली: बैठक क्र. १. खुर्चीच्या आतल्या खाचेवर तशीच दुसरी: खुर्ची क्र. १. वरून पारदर्शक रोगण.

''माझ्या.''

''नेमक्या इथेच का लावल्यात?''

''पुस्तकालाही आतल्या बाजूला लावतात. दिसू नये आणि सापडावी.''

''खाली काय होतं?''

''लाकूड,'' सूचिकार म्हणाले. मग त्यांच्यातला सूचिकार जागा झाला. ''काही चरे होते. पटाशी घसरल्यासारखे. चिठ्ठी सपाट बसेना म्हणून मी ते लांबीचा लगदा भरून बुजवले.''

पारखीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. दंतवैद्य अशी नजर टाकतात, आधीच्या दंतवैद्याचं काम बघून.

''किटली ठेवा,'' त्या बायकोला म्हणाल्या.

वाफेवर चिठ्ठी सुटायला वेळ लागला. चिकटवणाऱ्याने मन लावून चिकटवली होती. बायको शेजारी फडकं घेऊन उभी राहिली. ''चौतीस वर्षं पुस्तकांना चिठ्ठ्या लावल्या,'' ती बाईंना म्हणाली, ''मग खुर्च्यांना. मी एका जागी बसत नाही म्हणून वाचले.''

चिठ्ठी निघाली. बाईंनी बारीक टोच्याने लांबी उकरली. खुर्चीच्या खाचेत पटाशीचा एक उभा घाव होता, सरळ, स्वच्छ.

''एक,'' बाई म्हणाल्या. ''सुतार संच करतो तेव्हा प्रत्येक बैठक त्या त्या खुर्चीला तासून बसवतो. हाताचं काम, दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या होत नाहीत. मग अदलाबदल होऊ नये म्हणून खुर्चीवर आणि बैठकीवर सारखेच घाव घालतो. त्याला लिहिता येत नसेल, मोजता येतं.'' त्यांनी बैठक वाफेवर धरली. तिची चिठ्ठी निघाली, लांबी निघाली. बाईंनी बोटाने घाव मोजले. ''सहा.''

''योगायोग असेल,'' सूचिकार म्हणाले.

दुसऱ्या खुर्चीवर दोन घाव होते. तिच्या बैठकीवर पाच.

तिसऱ्या खुर्चीवर तीन. बाईंनी तिसरी बैठक वाफेवर धरली आणि अजून चिठ्ठी सुटलीही नव्हती, तेव्हा सूचिकार म्हणाले, ''चार.''

''कसं कळलं?''

''बेरीज सात येते,'' ते म्हणाले आणि ताईच्या खुर्चीवर बसायला गेले, पण तिला बैठक नव्हती. ते कडेवरच टेकले.

ती दुपार त्यांना स्वच्छ आठवत होती. सहा खुर्च्या भिंतीशी ओळीने, वडिलांनी ठेवलेल्या क्रमाने, जिथली तिथे. त्यांनी डावीकडून सुरुवात करून एकेक बैठक काढली आणि एकावर एक रचली. पहिलीची बैठक सगळ्यात खाली गेली, सहावीची सगळ्यात वर आली. मग खुर्च्यांना डावीकडून उजवीकडे क्रमांक दिले, जसे फळीवरच्या पुस्तकांना देतात. आणि बैठकांना वरून खाली, जसे मेजावरच्या गठ्ठ्याला देतात. दोन्ही पद्धती ग्रंथालयात मान्य होत्या. त्या दिवशी आपल्या कामाचा त्यांना थोडा अभिमानही वाटला होता. तो कितपत योग्य, अशी शंका लगेच आली होती, पण चुकीच्या ठिकाणी.

पहिल्या तीन स्वतःला ठेवल्या, पुढच्या तीन ताईला दिल्या. म्हणजे ताईला एकही बैठक तिच्या खुर्चीची मिळाली नव्हती. एकही. मुद्दाम करायचं म्हटलं असतं तर इतकं बिनचूक जमलं नसतं.

''पहिल्या तीन खुर्च्या ऐसपैस आहेत,'' बाई मापं घेत म्हणाल्या. ''पुढच्या तिन्हींच्या बैठका लहान. लाकूड संपत आल्यावर सुताराने हात आखडता घेतला. म्हणून लहान बैठका इथे डुगडुगतात, आणि मोठ्या तिकडे मावत नाहीत.'' त्या थांबल्या. ''तिकडे कुणी रंधा तर मारला नाही ना?''

''माहीत नाही.''

''नऊ वर्षांत विचारलं नाहीत?''

''तिनेच मला विचारलं होतं,'' सूचिकार म्हणाले.

बाईंनी पिशवी आवरायला घेतली. ''हे बघा, मी दोन गोष्टी सांगते. मोठ्या बैठका धड असतील तर बहिणीला कळवा, सहाही एकत्र करा, मी परत येते आणि चांगला भाव सांगते. रंधा लागला असेल तर मी येत नाही. कापलेलं लाकूड वाढत नाही. नाहीतर दुसरं. आज या तीन मी नेते. सुट्या तीनचा भाव देते. चिठ्ठ्या काढते, घाव घासून टाकते, नव्या बैठका करून घेते. मग कोणाची बैठक कोणाकडे होती हे पुन्हा कुणी विचारणार नाही.''

गाडी खाली उभीच होती. सूचिकारांना ते चित्र दिसलं: रिकामी भिंत, तळमजल्यावरच्या दोन खोल्या, घडीच्या दोन खुर्च्या, आणि कुठेही कसलीही नोंद नाही. ग्रंथालयात खराब झालेलं पुस्तक बाद करत, त्यावर एक शिक्का मारत, आणि मग ते कधी होतं की नव्हतं हे कुणाला सांगता येत नसे. तो शिक्का त्यांना कधीच आवडला नव्हता. आज मात्र तो फार सोयीचा दिसला. घाव घासले की ताई ही चूक कुणालाही दाखवू शकणार नव्हती. आणि सगळा दोष दमट हवेवर ढकलता येत होता, चार पानांत, संदर्भांसह.

त्यांनी तिसऱ्या खुर्चीच्या दांडीवरचा खळगा पाहिला. सात सत्ते एकोणपन्नास. ती जोरात आपटायची, कारण तिथे छोटा किडा नेहमी अडखळायचा आणि तिला त्याला सांगायचं असायचं, वडिलांना न कळता. दोन टाचा म्हणजे चाळीसच्या घरात, तीन म्हणजे पन्नासच्या जवळ.

''नाही,'' सूचिकार म्हणाले. आवाज जरा मोठा आला म्हणून त्यांनी पुन्हा लहान आवाजात म्हटलं, ''नको. घाव घासू नका. मी कळवतो.''

''किती दिवसांत?'' बाईंनी विचारलं.

बायको हसली नाही, पण खिडकीकडे वळली.

बाई गेल्यावर सूचिकार मेजाशी बसले. बायको म्हणाली, ''फोन करा की.''

''तिने पत्र लिहिलंय. पत्राला पत्र.''

''मग लिहा. मी इथेच भाजी निवडते.''

या वेळी त्यांनी कार्ड घेतलं नाही, कागद घेतला. सुरुवातीला नऊ वर्षांचं कारण लिहायला गेले, ते आलं नाही म्हणून तशीच जागा सोडली, मग जागा सोडलेली वाईट दिसेल म्हणून नवा कागद घेतला. छापून झालेल्या पुस्तकात चूक सापडली की काय करतात ते त्यांना माहीत होतं. पुस्तक जाळत नाहीत आणि मागच्या आवृत्तीचा इतिहासही सांगत नाहीत. एक शुद्धिपत्र घालतात. त्यांनी लिहिलं:

'ती. ताईस, सा. न.

तुझ्या पत्राचं उत्तर. हो, चुकलं. माझंच.

शुद्धिपत्र. बैठक १ ऐवजी ६ वाचावे. २ ऐवजी ५. ३ ऐवजी ४. ४ ऐवजी ३. ५ ऐवजी २. ६ ऐवजी १.

तुझ्या खुर्च्यांच्या बैठका माझ्याकडे आहेत, माझ्या तुझ्याकडे. माझ्या डुगडुगत होत्या. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.'

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. ते शुद्धिपत्रात बसत नव्हतं. तरी ठेवलं. मग पेन थांबलं.

''आता काय झालं?'' बायकोने विचारलं.

''तिने रंधा मारला असेल तर? नऊ वर्षांनी पत्र जायचं आणि त्यात हे. म्हणजे जखमेवर मीठ. मग न पाठवलेलंच बरं.''

''नाही मारला.''

''कशावरून?''

''मागच्या रविवारी ताई फोनवर म्हणाल्या.''

सूचिकारांनी चष्मा काढला. ''तू तिच्याशी बोलतेस?''

''दर रविवारी. माझ्या नणंद आहेत त्या. तुम्ही तेव्हा फिरायला जाता.''

''मग खुर्च्यांचं मला सांगितलं का नाहीस?''

''दर वर्षी विचारते की, ताईंच्या पत्राचं काय झालं. तुम्ही म्हणता, लिहितोय.'' तिने देठ मोडला. ''तिन्ही खुर्च्या भिंतीशी आहेत. बैठका शेजारी उभ्या करून ठेवल्यात. सुतार दोनदा येऊन गेला, त्याला परत पाठवला. म्हणाल्या, भावाचं उत्तर यायचंय.''

''आणि बसते कशावर?''

''स्टुलावर.''

''नऊ वर्षं?'' ताई आता एक्याऐंशीची होती. ''स्टुलाला पाठ नसते.''

''ते त्यांनाही माहितेय. बहीण कुणाची?''

सूचिकारांनी चष्मा लावला आणि खाली लिहिलं:

'तिसरी खुर्ची तुझी आहे. दांडीवर तुझ्या टाचेचा खळगा आहे, पारखीबाईंनी ओळखला. पुढच्या सोमवारी मी तिन्ही खुर्च्या आणि तुझ्या बैठका घेऊन येतो. सहा एकत्र झाल्या तर किंमत चांगली येईल म्हणतात. विकायच्या की ठेवायच्या ते तू एकदा नीट बसून सांग. मला दोन्ही चालेल. राजवाड्याचं खरं नाही.

किडा'

पाकीट खणातच होतं. नऊ वर्षांपूर्वी पत्ता घालून, तिकीट लावून ठेवलेलं. डिंक पिवळा पडला होता. बायको म्हणाली, उद्या जाते बाजारात तेव्हा टाकते. सूचिकार म्हणाले, नको, मीच जातो. तिने हरकत घेतली नाही, पण ते चपला शोधत असताना चपला त्यांच्या पुढ्यात आणून ठेवल्या.

टपाल कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं होती. खिडकीतल्या बाईने पाकीट उलटंसुलटं केलं.

''आजोबा, एवढ्या तिकिटावर आता शेजारच्या गल्लीतसुद्धा जात नाही. कधीचं आहे हे?''

''जरा जुनं आहे,'' सूचिकार म्हणाले.

तिने जादा तिकिटं दिली. ती पाकिटावर मावेनात, तेव्हा त्यांनी एक मागच्या बाजूला लावलं. असं चालतं का, असं विचारलं. चालतं म्हणाली. पोचपावती हवी का, तिने विचारलं. सूचिकारांना पोचपावती फार आवडे. त्यांनी थोडा विचार केला.

''नको,'' ते म्हणाले. ''तिथे सोमवारी मीच पोचणार आहे.''

पेटी दाराशी होती. त्यांनी पत्ता पुन्हा वाचला, पाकीट फटीत घातलं, अर्धं बाहेर धरून ठेवलं, आणि मागे रांगेत कुणीतरी खाकरलं तेव्हा सोडलं. मग ते नीट आत गेलं की नाही हे बघायला त्यांनी दोन बोटं फटीत घातली.

''पडलं, आजोबा,'' खिडकीतली बाई म्हणाली. ''आत पडलेलं वर येत नाही.''